पिराजीचा पुकारा

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावंच.

कारण हे घडलं भर दुपारी. कोल्हापूर शहरात. माणसांनी गच्च भरलेल्या एका सरकारी हॉलमध्ये.

साल १९७९. पौष महिना. बाहेर ऊन होतं, डोक्यावर पंखा होता, आणि समोर चक्क एक निवृत्त न्यायाधीश बसले होते.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या अरुणाअक्का म्हणजे माझ्या सासूबाई. कुरुंदवाडच्या. शेती आणि अडत दुकानाचं जैन घर. देवदर्शन चुकायचं नाही, पण भुताखेताचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. अमक्याच्या घरात काहीतरी दिसतं असं कुणी सांगायला लागलं, की विचारायच्या, "का? तुला भाड्यानं पायजे का त्ये घर?"

अशा बाईनं मला हे सांगितलं. एकदा नाही, चारदा सांगितलं. आणि चारही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

म्हणून मी विश्वास ठेवते. तुम्ही तुमचं ठरवा.

अक्कांची धाकटी बहीण पद्मावती. घरात तिला पदू म्हणायचे. गडहिंग्लजला दिली होती. पोटाच्या ऑपरेशनसाठी तिला कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आणलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. आता तो तिथं नाहीही.

ऑपरेशन चांगलं झालं. पदू उठून बसली. अक्कांना म्हणाली, "अक्का, रविवारी घरी न्यायचं बरं का. हितली आमटी नुसतं पाणी हाय."

रविवारी अक्का गेल्या, तेव्हा पदू गेली होती.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर होते नृसिंह हेर्लेकर. गावात मान होता. उंच, गोरे, आवाज असा की खालच्या मजल्यावर कळायचं वर डॉक्टर आलेत. त्यांनी अक्कांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बाई, रात्री त्यांनी पाणी मागितलं. ब्रदरनं पाजलं. ठसका लागला आणि श्वास अडकला. कुणाचा दोष नाही."

अक्कांनी डोळे पुसले. आणि तिथल्या तिथं त्यांना कळलं, की हा माणूस खोटं बोलतोय.

कारण पदू रात्री पाणी प्यायचीच नाही.

आमच्यात बरीच माणसं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. पण पदूचा नियम त्याहून कडक होता. शाळेत असल्यापासून तिनं सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नव्हता. बाळंतपणात नाही. टायफॉईडमध्ये नाही. आणि रविवारी घरी जायचं म्हणून उठून बसलेली बाई शनिवारी रात्री तो नियम मोडेल?

पण ऐकतो कोण? पदूचा नवरा बाबासो गरीब गाय. तो डॉक्टरांच्या पाया पडून परत गेला आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न करून मोकळा झाला.

मग दोन वर्षांनी दवाखान्यातलं एक प्रकरण फुटलं.

त्या दवाखान्यात जोतीराम नावाचा एक ब्रदर होता. रात्रपाळीचा. रात्री जो पेशंट कण्हायचा, हाका मारायचा, झोपू द्यायचा नाही, त्याला तो एक इंजेक्शन द्यायचा. पेशंट गप्प व्हायचा. काही जण कायमचे गप्प झाले. पोलिसांनी त्याला धरला, खटला चालला, जन्मठेप झाली. पण ज्या मृत्यूंच्या कागदावर डॉक्टरांनी दुसरं कारण लिहून सही केली होती, ते मृत्यू खटल्यात आलेच नाहीत.

पदूचा आला नाही.

लोक भडकले. मेट्रनबाईंनी आधीच तक्रार केली होती म्हणे. मग त्याला काढला का नाही? नुसता या वॉर्डातून त्या वॉर्डात का फिरवला? मोर्चे निघाले. शेवटी सरकारनं चौकशी समिती नेमली. सगळ्यांसमोर, उघड्या दारानं चौकशी होणार असं जाहीर झालं.

अक्कांना त्यातून एकच गोष्ट हवी होती. हेर्लेकरांनी चार माणसांसमोर म्हणावं, की पदू पाण्यानं मेली नाही. तिला मारली, आणि मला ते माहीत होतं.

बस. एवढंच.

आता पिराजीबद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्याच्यापासून सुरू झाला.

पिराजी कोर्टातला जुना पट्टेवाला. चौकशीसाठी त्याला तिकडून मागवून घेतला होता. त्याचा आवाज म्हणजे काय सांगू! कुस्तीच्या मैदानात जोडी पुकारायला पूर्वी त्यालाच नेत. कोर्टात त्याचं काम पुकाऱ्याचं. साहेबांनी प्रकरणाचं नाव सांगितलं की दाराबाहेर जायचं, कानावर हात ठेवायचा आणि तीनदा नाव घ्यायचं. ज्याचं प्रकरण, त्याचं नाव. जन्मभर त्यानं हेच केलं होतं.

चौकशीतही त्यानं तेच केलं.

त्या दिवशी सकाळपासून एकेका मयताचं प्रकरण निघत होतं. समितीचे जज्जसाहेब, त्र्यंबकराव, एकेक नाव सांगायचे, पिराजी बाहेर जाऊन पुकारा करायचा, आणि त्या मयताचे नातेवाईक आत यायचे. गर्दी एवढी, की तो कुणाच्या नावानं ओरडतोय याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर जज्जसाहेब म्हणाले, "आता पद्मावतीबाईंचं प्रकरण घेऊ."

पिराजी बाहेर गेला.

"पद्मावती बाबासो मगदूम... हाजीर हायत का?"

अक्का उठता उठता थांबल्या. 

"पद्मावती बाबासो मगदूम... हाजीर हायत का?"

"अहो, तिला काय हाक मारताय?" अक्का कशाबशा म्हणाल्या. पण पिराजी दाराबाहेर होता.

"पद्मावती बाबासो मगदूम... आसतील तितनं आत यावं!"

तिसरी हाक.

हॉलच्या दाराला हिरवा पडदा होता. पंखा दुसऱ्या टोकाला. वारा नव्हता.

पडदा हलला... एका बाजूनं उचलला गेला, आणि मग सावकाश खाली आला.

आत कुणीच आलं नाही.

एक वकील हसला. जज्जसाहेबांनी कपाळाला हात लावला. "पिराजी, मयत बाईंना काय बोलावता? त्यांच्या बहिणीला बोलवा."

"सायेब, परकरण ज्येचं, पुकारा त्येचाच. आमच्यात आसंच आस्तंय की. सकाळधरनं आसंच केलंया."

"बरं, बरं. पुढं चला."

साक्षीदारासाठी एक वेताची खुर्ची होती. बाजूला छोटं टेबल, त्यावर स्टीलचा ग्लास. प्रत्येक नव्या साक्षीदाराला पिराजी त्यात पाणी भरून ठेवायचा. त्यानं ग्लास भरला.

अक्का खुर्चीकडं निघाल्या...

खुर्ची करकरली.

वेताची वीण खाली दबली. कुणीतरी नुकतंच टेकावं तशी.

अक्का उभ्याच राहिल्या. जज्जसाहेब म्हणाले, "बसा बाई."

"नगं. मी हुबी ऱ्हाऊनच सांगती."

आणि त्यांनी सांगितलं. नियमाचं सगळं सांगितलं. "सायेब, दिवस बुडल्यावर पाण्याचा थेंब बी घेत न्हवती ती. मरंल, पर घेणार न्हाई. पाणी मागितलं आसं जो म्हनतोय, त्यानं ते सोताच्या डोक्यातनं काढलंय."

पहिल्या रांगेत डॉक्टर हेर्लेकर बसले होते. ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "आजारपणात कसले नियम, बाई?"

अक्का मला म्हणाल्या होत्या, "सूनबाई, त्या हसण्यासाठी मी त्याला जन्मभर माफ केला न्हाई. खोटं बोलला त्याहून हसला त्याचा राग."

मग झुंबरबाई आली. म्हातारी, पन्हाळ्याकडची. पदूच्या शेजारच्या खाटेवर होती. तिनं सांगितलं, की वॉर्डात बेल नव्हती. रात्री कुणी लागलं तर पेशंट आपापलं फुलपात्र खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायचे. त्या रात्री पदूला टाके दुखत होते. ती पितळी फुलपात्र वाजवत होती.

"लई येळ वाजीवलं बिचारीनं. कोन बी आलं न्हाई. मंग भितीपलीकडनं कोनतर वरडलं. मंग त्यो जोतीराम आला सुई घिऊन. मंग वाजायचं थांबलं."

"भिंतीपलीकडून कोण ओरडलं?"

"ते न्हाई दिसलं बा. भितीपलीकडलं कसं दिसनार?"

भिंतीपलीकडं होती मोठ्या डॉक्टरांची खोली.

पिराजीनं हेर्लेकरांचा पुकारा केला. त्यांना समोरच्या रांगेतून चार पावलं यायचं होतं, तरी बाहेर जाऊन तीनदा केला. डॉक्टर आले, धोतराचा सोगा सावरला आणि खुर्चीत बसले.

बसले... आणि ताडकन उठले.

"खुर्ची ओली आहे का?"

पिराजीनं हात लावून बघितलं. कोरडी होती. पण गार. पौषातल्या पहाटेच्या फरशीसारखी गार. पिराजीनं हात पंच्याला पुसला.

डॉक्टर पुन्हा बसले. या वेळी खुर्चीच्या अगदी कडेवर.

तोंड कोरडं पडलं म्हणून त्यांनी ग्लास उचलला...

रिकामा.

"पाणी कुठंय?"

"भरलंतं की सायेब. आत्ताच भरलंतं."

अक्का तर पाण्याला शिवल्याही नव्हत्या. झुंबरबाई उभ्या उभ्या बोलून गेली होती.

पिराजीनं परत भरला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. दिवस मावळायला अजून वेळ होता.

जज्जसाहेबांनी विचारलं, "त्या रात्री तुम्ही तुमच्या खोलीत होतात?"

"होतो."

"वॉर्डातून कसला आवाज आला?"

"नाही. काहीही आवाज आला नाही."

टण्...

अक्कांनी मान वर केली. समोरचा ग्लास स्टीलचा होता. आवाज स्टीलचा नव्हता.

आवाज पितळेचा होता.

"ब्रदर जोतीरामबद्दल तुमच्या कानावर काही आलं होतं?"

"कधीच नाही."

टण्... टण्...

डॉक्टरांनी मागं वळून बघितलं. "कोण वाजवतंय?"

जज्जसाहेबांना काही ऐकू आलं नव्हतं. वकिलांनाही नाही. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पण पिराजीचा चेहरा पांढरा पडला होता, आणि अक्कांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या आवाजाची ओळख त्यांना नसेल तर कुणाला असणार? ते फुलपात्र त्यांच्या आईचं होतं. त्या क्षणी ते त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं होतं.

"पाणी पाजताना तुम्ही हजर होता?"

"ब्रदरनं मला सांगितलं. बाईंनी पाणी मागितलं म्हणून..."

टण् टण् टण् टण्...

"ते वाजणं बंद कर!"

डॉक्टर ओरडले. खुर्चीतून अर्धे उठून, हात उगारून, हॉल दणाणून जाईल असे ओरडले.



आणि मागच्या रांगेतून झुंबरबाईचा आवाज आला. थरथरता. "ह्योच! आगं बया... ह्योच आवाज! हेच बोललं हुतं त्या रातीला, भितीपलीकडनं! ह्याच बोलीत!"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. लोक खुर्च्यांवर चढले. वकील म्हणाले, डॉक्टरांची प्रकृती बरी नाही. जज्जसाहेबांनी काम थांबवलं. डॉक्टर मागच्या दारानं गेले. जाताना त्यांनी दोन्ही कान दाबून धरले होते.

अक्कांना वाटलं, जिंकलो.

हॉल रिकामा झाला. बाहेर अंधारून आलं. पिराजी आवराआवर करत होता. तो अक्कांजवळ आला आणि टेबलाकडं बोट दाखवलं.

"अक्का, डाक्टर गेल्याव बी ह्यो गिलास मी दोनदा भरला. दोनदा रिकामा झाला. आता दिवस मावळलाय..."

ग्लास काठोकाठ भरलेला होता. पाणी हलत नव्हतं.

अक्कांनी तोंडात पदर कोंबला.

पिराजी खाली बसला. म्हणाला, "माजी चूक झाली. पुकारा केला की मानूस येतंया. आन आलेल्या साक्षीदाराला मोकळं करावं लागतंय. सायेब म्हंत्यात, तुमचं झालं, जावा. मगच त्यो उठतोय. हिला कोनीच जावा म्हटलं न्हाई. तुमी रक्ताच्या हाय. तुमी म्हना. तिला जाऊ द्या."

अक्कांनी खुर्चीकडं बघितलं. वीण अजून दबलेली होती.

सांगताना या जागी त्या नेहमी थांबायच्या. मग म्हणायच्या, "मी न्हाई म्हटलं."

"अक्का..."

"न्हाई म्हननार. बसू दे तिला. त्यानं खरं बोलूपतोर बसू दे. तिनं रातभर वाजीवलं, त्याला ऐकू आलं न्हाई म्हंतोय न्हवं? आता ऐकू दे की. जन्मभर ऐकू दे."

पुढं काही महिन्यांनी समितीचा अहवाल आला. भला मोठा होता म्हणे. त्यात लिहिलं होतं, की व्यवस्थेत त्रुटी आढळल्या. रात्रपाळीला माणसं वाढवावीत. वॉर्डात बेल बसवावी. कुणाचंही नाव नव्हतं. झुंबरबाईची साक्ष 'वृद्धत्वामुळे अविश्वसनीय' ठरली होती. आणि पदूचा मृत्यू? पाणी पिताना ठसका लागून.

एवढी माणसं मेली आणि दोष कुणाचा, तर व्यवस्थेचा! व्यवस्थेला काय फाशी देता येते? तिला घाम तरी फुटतो का? अक्कांनी अहवालाची बातमी आलेला पेपरचा तुकडा चुलीत घातला.

हेर्लेकर आपल्या पदावर कायम राहिले.

पण गावात हळूहळू कुजबुज सुरू झाली.

डॉक्टरांनी दवाखान्यातली सगळी धातूची भांडी बाहेर काढायला लावली. पेशंटनं घरून आणलेलं फुलपात्रही दारात जमा करायचं. जंतू राहतात म्हणे. सगळीकडं प्लॅस्टिकचे ग्लास आले. बेल बसवायचं मात्र राहूनच गेलं.

मग कळलं, डॉक्टर घरीही पत्रावळीवर जेवतात. देवघरातली घंटा काढून टाकली. दुधाची किटली वाजली म्हणून गवळ्याला मारायला धावले. मग बायको माहेरी निघून गेली.

अक्का हे ऐकायच्या आणि भाकऱ्या थापायच्या. त्या दिवशी एक भाकरी जास्त खायच्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढच्या पौषात बातमी आली. डॉक्टर वॉर्डातून फिरताना पडले. डावी बाजू गेली. वाचा गेली. त्यांना त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच खोलीत ठेवलंय.

अक्का दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला गेल्या. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं फुलपात्र होतं.

सिस्टरला वाटलं नात्यातल्या असतील. आत सोडलं.

तो उंच माणूस खाटेवर एवढासा झाला होता. तोंड वाकडं. फक्त उजवा हात चालत होता. त्या हातात प्लॅस्टिकचा ग्लास होता, आणि तो ग्लास ते खाटेच्या दांडीवर आपटत होते. पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

आवाजच येत नव्हता. बाहेर टेबलाशी बसलेल्या सिस्टरला पत्ता नव्हता.

अक्का स्टुलावर बसल्या. पिशवीतून फुलपात्र काढलं आणि मांडीवर ठेवलं. डॉक्टरांचे डोळे विस्फारले. ग्लास हातातून पडला.

आणि भिंतीपलीकडून... जिथं आता एकही धातूचं भांडं उरलं नव्हतं त्या वॉर्डातून...

टण्...

डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले.

टण्... टण्...

"डाक्टर," अक्का म्हणाल्या, "माझ्या पदूनं पाणी मागितलं न्हवतं. तुमास्नी ठावं हाय. येवढं बोला. सिस्टरला बोलवती, तिच्याम्होरं बोला. मी आत्ता तिला जा म्हंती."

डॉक्टरांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. त्यांना बोलायचं होतं. अक्का शपथेवर सांगायच्या, त्या माणसाला त्या क्षणी खरं तेच बोलायचं होतं.

पण तोंडातून नुसता घुरघुर आवाज आला. लाळ ओघळली.

तेव्हा अक्कांच्या लक्षात आलं.

वर्षभर त्यांनी पदूला बसवून ठेवलं होतं, त्याला बोलतं करायला. आणि पदूनं त्याची वाचाच नेली होती. आता ते वाक्य या जगात कुणीही, कधीही बोलणार नव्हतं.

"दया आली का, अक्का?" मी एकदा विचारलं.

"खोटं कशाला बोलू? न्हाई आली. संताप आला. गच्च भरलेल्या घागरीला तळाशी भोक पडावं तसं झालं बघ. बोलायच्या आतच चालला मेला."

त्या उठल्या. डॉक्टरांचा हात फुलपात्राकडं सरकत होता. बोटं उघडझाप करत होती. त्यांना ते हवं होतं. ते वाजवलं असतं तर सिस्टर आली असती.

अक्कांनी फुलपात्र टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि बाहेर आल्या.

पहाटे डॉक्टर गेले. कुणाला कळलंही नाही. सकाळी झाडूवालीनं बघितलं. पेपरात फोटो आला, खाली रुग्णसेवेला वाहिलेलं आयुष्य वगैरे.

आता पदूला मोकळं करायला हवं होतं.

अक्कांनी पिराजीला गाठलं. तो खंगला होता. पुकाऱ्याचं काम त्यानं कधीच सोडलं होतं. दोघं त्या हॉलवर गेले. हॉल आता अडगळीचा झाला होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. वेताची ती खुर्ची मात्र एकटीच, भिंतीपाशी.

वीण दबलेली.

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. पिराजीनं ग्लास भरून जवळ ठेवला. अक्का खुर्चीसमोर खाली बसल्या आणि रडल्या. बहिणीच्या मरणानंतर इतक्या वर्षांत रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या.

"पदू, चुकले गं. तुला अडकवून ठिवलं. झालं आता. तुजं झालं. पाणी पी आन जा बाय माजी."

पाणी उतरलं. दोघांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, तळापर्यंत.

खुर्ची करकरली... आणि दबलेली वीण हळूच वर आली.

पडदा हलला.

पिराजीनं हात जोडले. अक्कांनी पदरानं डोळे पुसले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. दोघं दाराकडं वळले.

आणि मागून...

टण्...

अक्कांनी वळून बघितलं. वेताची खुर्ची रिकामी होती. वीण सपाट होती.

आवाज खुर्च्यांच्या ढिगातून आला होता. हा पितळेचा नव्हता. हा जर्मनचा, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याचा, जरा बद्द.

मग दुसऱ्या कोपऱ्यातून... तांब्याचा.

मग खिडकीखालून. मग दाराच्या मागून. मग सगळीकडून.

पिराजी मटकन खाली बसला. "अक्का," तो म्हणाला, "त्या दिशी मी येकट्या पद्मावतीबाईला न्हवतं पुकारलं."

सकाळपासून पुकारलं होतं त्यानं. एकेकाला. तीन तीनदा. आणि प्रत्येक वेळी पडदा हलला असणार. गर्दीत बघितलं कुणी?

"कोन कोन हुतं? नावं आठीव की!"

पिराजी रडायला लागला. त्याला एकही नाव आठवत नव्हतं. आणि आठवलं असतं तरी त्याचा काय उपयोग? जा म्हणायला रक्ताचं माणूस लागतं.

पिराजी त्याच वर्षी गेला. अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फुलपात्र माझ्याकडं आहे.

ती इमारत अजून उभी आहे. आता तिथं एक कचेरी आहे. मागच्या वर्षी एका दाखल्यासाठी मला जावं लागलं. तिथल्या शिपायानं प्रत्येक खिडकीत पाण्याचा एक ग्लास भरून ठेवला होता. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "काय म्हायीत न्हाई ताई. पयल्यापास्नं ठिवत्यात. न्हाई ठिवलं तर लई वाजतंय."

मी पाच वाजेपर्यंत थांबले. सगळे ग्लास रिकामे होते.

म्हणून हे लिहिलं. करमणूक म्हणून नाही.

तुमच्या घरातलं कुणी... आजी, काका, आत्या... त्या काळात कोल्हापुरात दवाखान्यात गेलं असेल आणि परत आलं नसेल, तर मला विचारा. मी इमारत दाखवीन. फार काही करायचं नाही. दिवसा यायचं, एक ग्लास पाणी ठेवायचं, आणि आपल्या माणसाचं नाव घेऊन म्हणायचं, तुमचं झालं, आता जा.

पण ओरडून हाक मारू नका.

आणि तीनदा तर मुळीच नाही.